दारव्ह्याचे दादा आणि रांगेतले काका, आभार!

मी बीसीएचा विद्यार्थी, गाव दारव्हा तालुक्यातलं. लॅपटॉपवर उबुंटूचं (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) अपडेट चालू असतानाच लाईट गेली. बॅटरी कधीचीच बसलेली, त्यामुळे मशीन जागीच बंद. लाईट आल्यावर पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’, म्हणजे सिस्टिमचा गाभा असलेली कर्नल सुरू होतानाच अडकली. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट दाखवायचं, आणि सगळा कोड आत! एका दुकानात सांगितलं, फॉरमॅट करावं लागेल, डेटा जाईल.

बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक दादा आहेत. ते म्हणाले, “फाइली कुठी नाही जात बाबू, बस.” लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे पेनड्राइव्हमधल्याच उबुंटूवर, त्यांनी मशीन चालू केली आणि सर्वांत आधी माझं प्रोजेक्टचं फोल्डर बाहेर काढून दिलं. तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. नवी कर्नल बसली होती, पण मशीन चालू होताना तिला लागणारी इनिटरामएफएस फाइल बनायच्या आतच लाईट गेली होती, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आमच्या वर्गात बूटिंग, म्हणजे मशीन कशी चालू होते ते, इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं. मग चरूट करून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच लॅपटॉपमधल्या उबुंटूत शिरून, डीपीकेजी या पॅकेजं बसवणाऱ्या कमांडनं अर्धवट पॅकेजं पुरी केली, ती फाइल बनवली, कर्नल सुरू करून देणारं ग्रब अपडेट केलं.

तोवर पीकविम्याच्या फॉर्मसाठी कास्तकारांची रांग लागली होती. मी उठायला लागलो, तर पुढचे काका म्हणाले, “होऊ दे पोट्ट्याचं आधी.”

दादांनी सगळ्या कमांड लिहून दिल्या, वर त्याची झेरॉक्स काढून पैसे घेतले ते फक्त झेरॉक्सचे.

दादा, प्रोजेक्ट दाखवून झालं. मनापासून आभार. आणि काका, तुमचा फॉर्म त्या दिवशी भरला गेला का, कळलं नाही, तुमचेही आभार.