‘हात बांधला’ यासाठी अ‍ॅपमध्ये रकाना नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत घरपोच नर्सिंगच्या अ‍ॅपवरचा लेख वाचला. सिस्टर किती वाजता आली, बीपी किती, शुगर किती, कूस कधी बदलली, सगळं मुलाला पुण्यात नाहीतर अमेरिकेत बसून दिसतं, असं त्यात कौतुकानं लिहिलं आहे. खोटं नाही ते. माझ्या आईसाठी आम्ही दीड वर्ष असंच अ‍ॅप वापरलं. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद व्हायची आणि आईला शेवटपर्यंत बेडसोर झाला नाही. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ज्या गोष्टीनं सिस्टरची झोप उडायची, ती लिहायला त्यात जागाच नव्हती.

मे महिन्यातली गोष्ट. आईला नाकातून रायल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न पोचवणारी नळी, घातलेली. ती ओढून काढायची. पुन्हा घालायची म्हणजे रात्री अकराला धावपळ, आईच्या नाकातून रक्त. दोनदा असं झाल्यावर सिस्टर पाठवणाऱ्या ब्युरोकडून निरोप आला, हात बांधा. रात्रपाळीच्या सिस्टरनं जुन्या नऊवारीची पट्टी फाडून आईचं उजवं मनगट पलंगाच्या कठड्याला बांधलं. गाठ सैल, खाली कापूस. आई म्हणाली, “काहून बांधतं व माय मले?” कूलरच्या घरघरीतही मला ते पुढच्या खोलीत ऐकू आलं आणि मी उठलो नाही. हे आधी कबूल करतो.

त्या रात्रीची अ‍ॅपमधली नोंद अशी : फीड २०० मिली, दिलं. ट्यूब जागेवर. पेशंट शांत. तिन्हीपुढे हिरवी खूण.

पुढे कितीतरी दिवसांनी सिस्टर बोलली. “काका, त्या रात्री मी मैत्रिणीला व्हॉइस मेसेज टाकला होता, बरोबर केलं का म्हणून. तीही ड्युटीवर होती. सकाळी तिनं अंगठा पाठवला.” एवढ्या मोठ्या प्रश्नाला एक अंगठा.

नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात हीच मुलगी असती तर पाळी संपताना ओव्हर देताना इन्चार्ज सिस्टरला म्हणाली असती, मला हे पटत नाही. राउंडवरच्या डॉक्टरला विचारलं असतं. मानेवाड्यातल्या दोन खोल्यांत ती आणि माझी आई, बारा तास. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या; तिथल्याच परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत त्यांची शुश्रूषा केली. २०११ च्या दयामरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं शानबाग यांच्या वतीनं बोलण्याचा हक्क या रुग्णालयातल्या माणसांचाच मानला. हातानं सेवा करणाऱ्याला त्या माणसाविषयी काही म्हणायचं असतं, हे देशाच्या न्यायालयाला पटलं. आपल्या अ‍ॅपवाल्यांना अजून पटायचं आहे.

फार अवघड मागणी नाही. पेशंटला बांधलं, त्यानं औषध नाकारलं, गोळी कुटून वरणात मिसळून दिली, असं काही घडलं की अ‍ॅपनं दोनच गोष्टी विचाराव्यात : पेशंट काय म्हणाला, आणि हे कोणी ठरवलं? उत्तर बोलून देता यावं, वऱ्हाडीत, झाडीबोलीत, जमेल तसं. रात्री तीनला कोण टाइप करत बसणार? ते अनुभवी सिस्टरकडे जावं आणि तिनं दुसऱ्या दिवशी फोन करावा. आठवड्यातून एकदा घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ते ऐकावं. त्या वेळेचे पैसे सिस्टरला मिळावेत, नाहीतर हेही एक फुकटचं काम तिच्याच गळ्यात. आणि मेहेरबानी करून ‘बांधणे योग्य की अयोग्य’ याचं तयार उत्तर अ‍ॅपनं देऊ नये. ते दिलं की पुन्हा कोणी विचार करणार नाही, सगळे खूण करून मोकळे.

यात एक धोका आहेच. सिस्टरनं मन मोकळं केलं आणि तेच तिच्या रेटिंगला चिकटलं, किंवा आमच्या ‘फॅमिली ग्रुप’वर फिरलं, तर दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा ‘पेशंट शांत’ लिहील. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आला आहे. पेशंटच्या आणि सिस्टरच्या अशा बोलण्याला त्याची आठवण ठेवून कुलूप लावा.

अ‍ॅपवर पेशंटचं नाव नोंदवतानाच्या फॉर्मबद्दलही एक. त्यात आईला कोणत्या भाज्या चालत नाहीत ते विचारलं होतं. शेवटच्या उपचारांबद्दल तिनं काही लिहून ठेवलंय का, हे नाही. असं इच्छापत्र २०१८ पासून वैध आहे. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं प्रक्रियाही सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आईनं लिहिलं नव्हतं. तेव्हा आम्हालाही सुचलं नाही.

नऊ रात्री हात बांधलेला राहिला. दहाव्या दिवशी सिस्टरनंच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी येऊन गिळणं तपासलं, ट्यूब काढली, चमच्यानं द्या म्हणाले. संध्याकाळी आईनं तांदळाची पेज चार चमचे घेतली आणि मोकळ्या हातानं पाचवा चमचा बाजूला सारला. सिस्टरनं खरी नोंद केली : फीड ४० मिली. तांबडी खूण उमटली आणि सकाळी ब्युरोतून फोन आला, टार्गेट का पूर्ण झालं नाही?

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर