नाना, घोडी मागे जोडायची की हौद्यात चढवायची?

सावदा, ता. रावेर
१२ डिसेंबर २०२५

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा मी वजनकाट्यावर उभा होतो. मागे गाडी भरणं चालू होतं आणि व्यापाऱ्याच्या माणसाशी केळीच्या घडातल्या दांड्याच्या वजनावरून माझी हुज्जत चालली होती. ‘गाडी लेवानी शे, कोनती लेऊ?’ एवढंच कानावर पडलं, पुढचं सगळं हॉर्नमध्ये गेलं. रात्री तुझे चार व्हॉइस मेसेज ऐकले. चौथ्यात तू चक्क घोडीशीच बोलतोयस, फोन बंद करायला विसरलास बहुतेक. तेही ऐकलं. आमच्याशी धुळ्याच्या होस्टेलात इतक्या मायेनं कधी बोलला नाहीस, भो.

फोनवर हे सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसलो. थंडीनं केळीला चरका लागायला लागलाय, काढणी थोडी सैल आहे, तेवढाच वेळ मिळाला.

आधी तुझ्या डोक्यातलं भूत उतरवतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या जत्रेत तू पिकअपच्या मागे जोडलेल्या दोनचाकी पेटीतून घोडा उतरताना पाहिलास आणि आता तुलाही तसंच पाहिजे. वर तुझा पुतण्या अमेरिकेतून व्हिडिओ पाठवतो, फोर्डची एफ-१५० आख्खी बोट ओढत नेतेय. खरं आहे, ती गाडी योग्य इंजिन घेतलं तर कागदावर सहा टनांच्या आसपास ओढते. आपल्याकडे मिळणारी टोयोटाची हायलक्स ऑस्ट्रेलियात साडेतीन टनांचा ट्रेलर ओढते, इसुझूची डी-मॅक्ससुद्धा. पण व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. तिथल्या त्या जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. पुढच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की मागची चाकंही थांबतात. अमेरिकन लोक माल रचतानाही हिशेब ठेवतात. ट्रेलरच्या वजनाचा दहावा ते सातवा भाग जोडणीच्या गोळ्यावर आला पाहिजे. तो कमी पडला, म्हणजे वजन मागे गेलं, की ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो आणि पुढची गाडीच हलवतो. आणि आत पोत्यांऐवजी घोडा असला तर? पोतं जागा बदलत नाही. तुझी घोडी माशी बसली तरी चारही पाय हलवते.

आपल्याकडे ओढायचं काम ट्रॅक्टरचं. त्याची मोठी चाकं, मुंगीच्या चालीचे गिअर, सगळं त्यासाठीच. दीड टन पासिंगची, म्हणजे दीड टन माल भरायची परवानगी असलेली पिकअप पाठीवर माल वाहायला केलेली आहे. मागे हुक वेल्ड करून ट्रॉली जोडणारे मी आमच्याकडे पाहिलेत. पहिला बळी क्लचप्लेटचा जातो. दुसरा कुणाचा जाईल ते उतारावर ठरतं.

क्लचप्लेटचं मला कसं कळलं, तेही सांगतो. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. आधीच्या पिकअपमधून मी केळी घेऊन संभाजीनगरला निघालो होतो. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. पासिंग दीड टन. मी वीस किलोचे एकशे बारा क्रेट चढवले, म्हणजे सव्वादोन टनांच्या जवळ. चाळीसगाव सोडलं, कन्नडचा घाट लागला. अर्ध्यात एक ट्रक अडकलेला, रांग मुंगीच्या चालीनं. चढावर थांब, अर्धा क्लच, दोन हात पुढे, पुन्हा थांब. तासाभरानं जळक्या रबरासारखा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. थोड्या वेळानं इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मागच्या चाकाला दगड लावून रात्रभर घाटात बसलो, थंडीनं कुडकुडत. दुसऱ्या गाडीत माल उतरवला तोवर निम्म्या फण्या काळ्या पडायला लागल्या होत्या. सातशे किलो जास्तीच्या मालाचं भाडं वाचवलं आणि त्याच्या पाचपट घालवलं. वर पकडलो गेलो असतो तर दंड वेगळा. २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे दोन हजार.

तेव्हापासून कोणी ‘कोणती गाडी ओढीला चांगली’ असं विचारलं की मी आधी विचारतो, भरणार किती आणि चढणार कुठं?

तुझं मला माहीत आहे. शहाद्याच्या शिवारातून पपई रस्त्यावरच्या मोठ्या गाडीपर्यंत न्यायची, हे रोजचं. आठवड्यातून एकदा चांदसैलीचा घाट चढून धडगावच्या बाजाराला. वर्षातून एकदा घोडी जत्रेला, आणि ती जत्रा तुझ्या दारात. म्हणजे नाना, तुझ्या गाडीचे तीनशे दिवस पपईचे आहेत.

आता गाड्या. महिंद्राची बोलेरो पिकअप सध्या माझ्याकडे आहे, म्हणून तिच्याबद्दल मी थोडा पक्षपाती आहे हे धरून वाच. अडीच लिटरचं जुन्या वळणाचं डिझेल इंजिन. २०२२पासून तिची मॅक्स नावाची मालिका आली, त्यात एचडी मॉडेल घेतलंस तर दोन टनांपर्यंत पासिंग आणि दहा फुटांचा हौदा मिळतो. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, मॉडेलप्रमाणे दोनशे किंवा दोनशे वीस न्यूटन-मीटर. आकडा फार मोठा नाही. पण ही गाडी उघडायला मिस्तरीला पुस्तक लागत नाही. शहादा, तळोदा, धडगाव, कुठंही हिचा पार्ट मिळतो, आणि नाही मिळाला तर कोणाच्या तरी अंगणात एक मेलेली बोलेरो उभी असतेच.

टाटाची योद्धा म्हणजे आपल्या जुन्या दोनशेसात पिकअपची वारसदार. २०१७ला आली. इंजिन बोलेरोपेक्षा लहान, दोन पूर्णांक दोन लिटरचं, पण ताकद जास्त: शंभर हॉर्सपॉवर, अडीचशे न्यूटन-मीटर, आणि ती ताकद कमी फेऱ्यांवरच लागते. चढाला हेच पाहिजे. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढते, सारखा पहिला पाडावा लागत नाही. माझ्या साडूची आहे, मी चालवून पाहिलीय. चांदसैली तू रोज चढणार असतास तर मी डोळे झाकून योद्धा म्हणालो असतो. हिच्यात चारही चाकांना ताकद देणारं मॉडेलही आहे, बोलेरोतही आहे, पण धडगावच्या आतल्या पाड्यांवर पावसाळ्यात जाणार असशील तरच त्याचे पैसे दे. उगाच मिरवायला नको.

अशोक लेलँडची दोस्त २०११ला निसानबरोबर आली आणि तिनं छोटा हत्तीवाल्यांना वरच्या वर्गात बसवलं. तीन सिलिंडरचं दीड लिटर इंजिन, वजनाला हलकी, ॲव्हरेज छान. २०२०ला तिचा मोठा भाऊ बडा दोस्त आला, ऐंशी हॉर्सपॉवर, एकशे नव्वद न्यूटन-मीटर. सपाटीला, म्हणजे सावदा-फैजपूर-यावल असल्या रस्त्याला, बडा दोस्त मला आवडते. केबिन ऐसपैस आहे, तिघं बसले तरी गिअर टाकताना कोणाच्या गुडघ्याची माफी मागावी लागत नाही.

टाटाची इंट्रा व्ही-५० पण याच पंगतीतली, दीड टनाची. सीएनजीवाल्या गाड्याही आहेत, पण भरलेल्या गाडीनं घाट आणि वर पंपावरची रांग, तुझा स्वभाव पाहता नको.

इसुझूची साधी डी-मॅक्स माल वाहायला आहे आणि व्ही-क्रॉस मिरवायला. २०१६पासून आंध्रातल्या श्रीसिटीत बनतात. व्ही-क्रॉसला तीनशे साठ न्यूटन-मीटर, हायलक्सला चारशे वीस, ऑटोमॅटिक घेतली तर पाचशे. ओढीला याच खऱ्या गाड्या, यात वाद नाही. पण एका हायलक्सच्या पैशांत आपल्या दोन-तीन पिकअप येतात. आणि धडगावच्या वळणावर ती बंद पडली तर मिस्तरी कुठून आणशील? तू पाटील असशील, नाना, पण पपईला ते माहीत नाही.

भरवशाचं एवढं लांबण लावलं त्याला कारण आहे. घाटात क्लच जाळल्यावर मी ती गाडी विकली आणि आताच्या बोलेरोआधी एक नवी कोरी घेतली. एप्रिल २०२०नंतरची, बीएस-सहा, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची. या गाड्यांना सेन्सर फार आणि धुराची जाळी वेगळी. रोज दोन-दोन किलोमीटर शेतातून रस्त्यावर अशा फेऱ्या मारल्या की इंजिन पुरतं तापतच नाही आणि जाळीतली काजळी जळत नाही. आठवड्यातून एकदा हायवेला तीस-चाळीस मिनिटं एका चालीत पळवली की ती मोकळी होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दिवा लागला, गाडीची ताकद मेली, शोरूमला टोचन करून नेली. एका सेन्सरसाठी अकरा दिवस उभी. ऐन काढणीत अकरा दिवस मी भाड्याची गाडी लावली. तुझी धडगावची फेरी तेवढी इंजिनाला पुरेल, पण पावसाळ्यात घाट बंद असला तर शिरपूरकडे एक चक्कर टाकत जा. काम काढ काहीतरी.

ॲव्हरेजचं मात्र लोक उगाच डोक्यावर घेतात. मी वही ठेवलीय: टाकी तोंडापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी त्याच पंपावर तोंडापर्यंत भरायची. माझी भरलेली बारा देते, रिकामी पंधराला जाते. समज, दुसरी गाडी भरलेली चौदा देते. रोज शंभर किलोमीटरला फरक सव्वा लिटरपेक्षा कमी. डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर दिवसाला शंभर-सव्वाशे, महिन्याला तीन हजारांच्या आसपास. थोडे नाहीत. पण ते अकरा दिवस मला वर्षाच्या या बचतीपेक्षा महाग पडले. आणि टायरमध्ये हवा कमी ठेवून ऐंशीनं पळवली तर कोणतीही गाडी चौदा देत नाही. तुझा ड्रायव्हर कसा चालवतो ते मी पाहिलंय.

आणखी एक, हे तुला कोणी सेल्समन सांगणार नाही. पासिंग जितकं जास्त तितके पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, कडक. दोन टनांच्या गाडीत सहाशे किलो पपई टाकून शेतरस्त्यानं गेलास तर पाटे दबतच नाहीत, हौदा उडतो आणि फळ कागदात गुंडाळलेलं असलं तरी आतून मार खातं. संध्याकाळी दिसत नाही, तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या फोनवर दिसतं. तू रोज किती भरतोस? बारा-तेराशे किलोच्या वर जात नसशील तर दोन टनांची घेऊ नकोस.

म्हणून माझं मत: बोलेरो पिकअप, मधल्या पासिंगची. धडगावच्या फेऱ्या आठवड्याला तीन-चार व्हायच्या असतील तर योद्धा. सप्टेंबरात माल वाहायच्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरावर आलाय, तेव्हा शोरूमवाला जुना भाव सांगायला लागला तर उठून ये.

आणि घोडी? पेटी बनवून घेतलीस तर तिचंच वजन सहा-सातशे किलो, घोडी चारशे, वर पेटीची वेगळी नोंदणी. हे सगळं वर्षातून दोन दिवसांसाठी. त्यापेक्षा हौद्यात ने. खाली रबरी मॅट, त्यावर ओली वाळू अंथर, पाय घसरायला नको. आडवा दांडा लावून तिला मागे सरकायला जागा ठेवू नकोस. दोर आखूड बांध पण मान हलेल इतका. चढवायला फाळका पाडून गाडी बांधाला लावायची, उंची आपोआप जुळते. तिचं वजन उंचावर असतं, तेव्हा वळणावर गाडी नवरीसारखी घे. पहिल्या दिवशी जत्रेला नेऊ नकोस, आधी रिकाम्या रस्त्यानं प्रकाशापर्यंत दोन-तीनदा फिरवून आण.

ठरवायच्या आधी एक कर. २१ तारखेच्या रविवारी मी माझी गाडी घेऊन येतो, साडूलाही त्याची घेऊन यायला सांगितलंय. दोन्ही गाड्यांत तुझी पपई सारखीच भरू आणि चांदसैली चढू. तू दोन्ही चालव, मी शेजारी बसून तोंड बंद ठेवीन. येताना बामणोदची वांगी आणतो, भरीत तुझ्या मळ्यातच करू. वहिनींना म्हणावं कळण्याच्या भाकरी तेवढ्या टाका, आमच्या घरी मिक्सरवर दळलेल्या पिठाच्या होतात आणि मला बोलायची सोय नाही.

काकूंना नमस्कार. घोडीला गूळ.

तुझा,
बापू

ता.क. तुझी जुनी छोटा हत्ती विकू नकोस. दोन सिलिंडरचं सातशे दोन सीसीचं ते इंजिन अजून एका हाकेला चालू होतं म्हणतोस, तर मळ्यातल्या मळ्यात चाऱ्याला राहू दे. नाहीतर मला दे, भाव रविवारी ठरवू.