एक लाख डॉलरचे शुल्क आणि अमेरिकेतील प्रयोगशाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना नेमण्यासाठीच्या अमेरिकेच्या एच-1बी व्हिसावरील एक लाख डॉलरच्या शुल्काविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पण ती चर्चा बहुतांशी आयटी कंपन्यांभोवतीच फिरली. या निर्णयाची झळ अमेरिकी विद्यापीठांतील प्रयोगशाळांना आणि पर्यायाने पुण्यातील आयसर, एनसीएल किंवा मुंबईच्या टीआयएफआर यांसारख्या संशोधन संस्थांमधून तिकडे जाऊ पाहणाऱ्या संशोधकांनाही बसते, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

दरवर्षी किती एच-1बी व्हिसा द्यायचे याची मर्यादा विद्यापीठांना लागू नाही. मात्र सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या शुल्कातून त्यांना वगळलेले नाही. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेने 2024 साली नव्या पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकासाठी, ठरवलेले वार्षिक विद्यावेतन 61,008 डॉलर होते. म्हणजे परदेशातून एक संशोधक एच-1बीवर आणायचा, तर त्याच्या दीड वर्षाच्या विद्यावेतनाहून मोठी रक्कम आधी सरकारी तिजोरीत भरायची. पोस्टडॉक अनेकदा जे-1 या देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसावर जातात, हे खरे. पण पुढे कायम नेमणुकीची वेळ आली की गाठ बहुधा एच-1बीशीच पडते.

दुसरीकडे प्रयोगशाळांचा निधीही आवळला जात आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचने अनुदानावरील अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे संशोधनाच्या थेट खर्चावर संस्थेला सोयीसुविधा व प्रशासनासाठी मिळणाऱ्या जादा रकमेचा, दर सरसकट 15 टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. हार्वर्डसाठी हा दर 69 टक्के होता, आणि असा आकडा ऐकला की उधळपट्टीची शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु उणे 80 अंशांवर अहोरात्र चालणाऱ्या फ्रीझरची वीज, प्राणिगृहाची देखभाल, घातक रसायनांची विल्हेवाट आणि हिशेब तपासणारे कर्मचारी, हे सारे याच रकमेतून भागवावे लागते. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनसह विद्यापीठांच्या तीन संघटनांनी आणि काही विद्यापीठांनी याविरुद्ध दावा केला आणि न्यायालयाने कपात रोखली.

या संघटनांनी एच-1बी शुल्कालाही विरोध केला आहे. मात्र परदेशी विद्यार्थी अमेरिकेत किती अब्ज डॉलर खर्च करतात, हा त्यांचा आवडता मुद्दा मला पटत नाही. विज्ञानातील पीएचडीचा विद्यार्थी सहसा स्वतः शिक्षणशुल्क भरत नाही. त्याचे शुल्क आणि विद्यावेतन बऱ्याचदा प्राध्यापकाच्या अनुदानातूनच जाते, म्हणजे अनुदान आटले की व्हिसा हातात असूनही जागा उरत नाही. ग्राहक म्हणून त्याची बाजू मांडता येणार नाही. तो तिथे काम करतो, हेच सांगावे लागेल. विद्यार्थी व्हिसावरील मुक्काम चार वर्षांपुरता बांधण्याच्या ऑगस्ट 2025 मधील प्रस्तावाचा फटकाही पाच-सहा वर्षे चालणाऱ्या पीएचडीलाच सर्वाधिक बसणार, कारण ऐन प्रबंधलेखनाच्या काळात मुदतवाढीसाठी अर्ज करत बसावे लागेल.

राष्ट्रहितासाठी एखाद्या व्यक्तीला, कंपनीला किंवा संपूर्ण क्षेत्राला शुल्कातून सूट देण्याची तरतूद शुल्काच्या मूळ घोषणेतच आहे. भारत सरकारने अमेरिकेशी बोलताना आयटी उद्योगाबरोबर विद्यापीठीय संशोधकांसाठीही ही सूट मागावी, आणि आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे