मोबाइलच्या दारावर कोण?

लहान मुले आणि हिंसक चित्रपट यांवरील आपल्या अंकातील लेख पटला, पण त्यात भर चित्रपटगृहांवरच आहे. ‘अ’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला १८ वर्षांखालील मुलांना दारातच अडवता येते. आमच्या गावात चित्रपटगृहच नाही. आई-वडील सकाळीच कापूस वेचायला जातात. घरी सात-आठ वर्षांचे पोर, हाती मोबाइल आणि त्यावर रक्तपाताची दृश्ये. ते पाहून जीव कळवळतो. केंद्र सरकारच्या २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवर (इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या ॲपवर) १३ वर्षांवरील व त्यापुढच्या वर्गवारीतील चित्रपट-मालिकांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय बंधनकारक आहे. ती कशी वापरायची, हे आमच्याकडे कोणी सांगितलेले नाही. जिल्हा परिषद शाळांनी पालकसभा संध्याकाळी, वेचणीहून लोक परतल्यावर घ्यावी आणि तिथेच प्रत्येकाच्या मोबाइलवर हे कुलूप लावून द्यावे.

– एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ