निर्वासित प्राध्यापकाला नुसतं पद नको, पगारही द्या

मा. संपादक,
स.न.

देश सोडावा लागलेल्या अफगाण, म्यानमारच्या प्राध्यापकांच्या बातम्या येतात, आपण हळहळतो आणि विषय तिथंच संपतो. म्हणून अँटोनिओ पानिझीबद्दल लिहावंसं वाटलं.

हा इटलीतल्या मोडेना संस्थानातला वकील. गुप्त क्रांतिकारी संघटनेत असल्याच्या संशयावरून पकडणार हे कळल्यावर 1822 मध्ये पळाला, मागे त्याला फाशीची शिक्षा झाली, माणूस हाती लागेना तर पुतळ्याला फाशी दिली आणि वर त्या फाशीच्या खर्चाचं बिल त्यालाच पाठवलं! लंडनला पोचला तेव्हा खिसा रिकामा, इंग्रजीही धड येत नव्हतं. कवी उगो फोस्कोलो, तोही निर्वासितच, त्याने ओळखीचं पत्र देऊन लिव्हरपूलला पाठवलं आणि तिथं याने काही वर्षं इटालियनच्या शिकवण्या करून दिवस काढले.

1828 मध्ये लंडन युनिव्हर्सिटीचे वर्ग सुरू झाले, ऑक्सफर्ड-केंब्रिजसारखी धर्माची अट तिथं नव्हती, आणि पानिझी इटालियनचा प्राध्यापक झाला. पण कमाई मुख्यतः मुलांच्या फीवर, आणि इटालियन शिकायला मुलंच येईनात. बोयार्डो आणि अरिओस्तोच्या महाकाव्यांची आवृत्ती संपादित करणारा एवढा अभ्यासू माणूस, पण प्राध्यापकीवर त्याचं पोट भरेना. शेवटी 1831 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या लायब्ररीत असिस्टंटची नोकरी धरली.

तिथं मात्र पगार होता, आणि या माणसाने काय करून दाखवलं बघा. 1836 मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने ठासून सांगितलं की पुस्तकांच्या बाबतीत गरीब विद्यार्थ्याला देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाइतकीच सोय मिळाली पाहिजे आणि ती सरकारने द्यावी. घुमटाची ती प्रसिद्ध गोल रीडिंग रूम त्याच्याच कल्पनेतून उभी राहिली, 1857 मध्ये उघडली. लंडनला शिकताना अर्धपोटी राहून बाबासाहेब दिवसदिवस वाचत बसायचे ती हीच जागा, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

आणि आपला माणूसही या वाटेने गेलाय. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले, इंग्रजांमुळे मायदेशी येता येईना, तेव्हा मेक्सिकोने त्यांना चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात प्राध्यापक केलं, मक्यावरचं त्यांचं काम तिथं आजही मानतात.

मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांनी अशा माणसांसाठी निदान एकेक जागा काढावी, पण ती तासिका तत्त्वावर नको, किती मुलं आली यावर तर अजिबात नको. तीन वर्षांचा ठरलेला पगार, राहायला क्वार्टर आणि व्हिसाच्या कागदपत्रांसाठी एक जबाबदार माणूस, एवढं तरी द्या. पदव्यांची मूळ सर्टिफिकेटं मागत बसू नका, घर सोडून पळालेल्या माणसाकडे ती कुठून असणार?

– एक वाचक, पुणे