मार्चमधल्या त्या एका फाइलबद्दल

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

हे जाहीरपणे लिहितेय, कारण फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विषय बदलता.

जूनमधल्या त्या संध्याकाळी वीज गेली, थोड्या वेळाने यूपीएसनेही मान टाकली. लाइट आल्यावर शाखांना जोडणाऱ्या आमच्या राउटरवर पतसंस्थेच्या 7 शाखांपैकी 4 जोडल्या गेल्या, 3 नाहीत. लाइनची तक्रार नोंदवून आम्ही वाट बघत बसलो होतो. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, “बंद आहेत त्या तिन्ही नव्या शाखा का?” नव्याच होत्या. “मग राउटर बिघडलेला नाही. त्याला त्या शाखा आठवत नाहीयेत.”

पावसात मोटरसायकलवरून तुम्ही रात्री साडेनऊला पोचलात. ओला रेनकोट काढता काढताच समजावून सांगितलंत: चालू असलेलं रनिंग-कॉन्फिग, म्हणजे राउटरच्या सध्याच्या सूचना, रॅममध्ये असतं, वीज गेली की ते जातं, सिस्कोचा राउटर पुन्हा उठतो तो एनव्हीरॅम या वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतलं स्टार्टअप-कॉन्फिग वाचून. नव्या शाखा जोडणाऱ्याने बदल केले होते, ते सेव्ह करायची ‘राईट मेमरी’ ही आज्ञा मात्र दिलीच नव्हती. तेव्हापासून राउटर एकदाही बंद पडला नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तुमच्या लॅपटॉपवर मात्र आमची फाइल होती. मार्चमध्ये एका लाइनचा दोष बघायला आला होतात, तेव्हा कशालाही हात लावण्याआधी तुम्ही चालू कॉन्फिग टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) उतरवून घेतलं होतं. नावात राउटरचं नाव आणि तारीख. मला वाटलं, आता ती थेट रनिंगवर टाकायची. तुम्ही थांबवलंत. तशी टाकली तर ती आधीच्या ओळींत मिसळते, नको त्या जुन्या ओळी तशाच राहतात. म्हणून ती स्टार्टअपवर कॉपी केलीत आणि राउटर रीलोड, म्हणजे बंद करून पुन्हा सुरू. मग पहिल्या शाखेला पिंग, म्हणजे तिकडून उत्तर येतंय का ते बघणं. स्क्रीनवर आधी एक टिंब आलं, म्हणजे उत्तर नाही; मागोमाग चार उद्गारचिन्हं, म्हणजे चार उत्तरं. ती चार चिन्हं पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सर. सकाळी त्या शाखांच्या दारात पेन्शनवाले उभे राहणार होते.

दुसऱ्या दिवशी व्हिजिट रजिस्टर चाळताना मार्चच्या पानावर तुमच्या अक्षरातली ओळ सापडली: ‘रनिंग आणि स्टार्टअप जुळत नाही. संबंधितांना विचारून सेव्ह करून घ्यावे.’ खाली माझी सही. सही केली, पुढे काहीच केलं नाही. चूक माझीच होती, आणि त्या रात्री तुम्ही ते एकदाही बोलून दाखवलं नाहीत. सगळ्यात मोठे आभार याचे.

तुम्ही लावून दिलेलं, कॉन्फिगच्या प्रती आपोआप काढणारं आर्काइव्ह नीट चालू आहे. सेव्ह केलं की एक प्रत निघते, शिवाय दर 1440 मिनिटांनी, म्हणजे रोज एक. टीएफटीपीला पासवर्ड नसतो आणि कॉन्फिगमधले टाइप 7 पद्धतीने झाकलेले पासवर्ड सहज उलगडतात, हे तुम्ही बजावलं होतंत. त्या प्रती ठेवलेल्या मशीनला आता फक्त आम्हा दोघांचाच अ‍ॅक्सेस आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ताजी फाइल जुन्या स्पेअर राउटरवर चढवून बघते. गेल्या महिन्यात एक इंटरफेस (जोडणीचं पोर्ट) बंदच राहिला, कारण तो चालू करणारी ‘नो शटडाउन’ ही ओळ फाइलमध्ये लिहिलेली नसते. आता ती ओळ हाताने द्यायची, हे रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय.

मार्चच्या पानाची झेरॉक्स रॅकच्या दाराला आतून चिकटवली आहे. इकडे आलात की दाखवेन.

आपली कृतज्ञ,
पतसंस्थेच्या संगणक विभागातली कर्मचारी