लॅपटॉप स्वतः जुळवायचाय? आधी सांगाडा ठरव

भावा,

लॅपटॉप सुटे भाग घेऊन जुळवायची तुझी यादी बघितली आणि हसूच आलं रे. प्रोसेसर वेगळा, मदरबोर्ड वेगळा, बॉडी वेगळी! डेस्कटॉपला एटीएक्ससारखी ठरलेली मापं असतात म्हणून एका मापाचा कुठलाही बोर्ड त्या मापाच्या कुठल्याही कॅबिनेटात बसतो, लॅपटॉपचं तसं नाही, प्रत्येक मॉडेलचा बोर्ड त्याच्याच बॉडीपुरता बनवलेला आणि प्रोसेसर हल्ली त्यावरच सोल्डर केलेला. फ्रेमवर्क कंपनी २०२१ पासून बोर्ड बदलता येईल असा लॅपटॉप विकते, पण तुझ्या बजेटात ते बसत नाही, सोड.

मी काय केलं सांगतो. सेकंडहँड लेनोवो थिंकपॅड टी४८० घेतला, २०१८ चं मॉडेल, इंटेलचा आय५ प्रोसेसर, आठव्या पिढीचा. हट्टाने आठवीच, कारण आधीच्या टी४७० मध्ये दोनच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), यात चार, आणि विंडोज ११ पण यावर रीतसर चालतं. मग बाकीचं हळूहळू बदलत गेलो.

रॅमच्या दोन जागा आहेत. १६ जीबीची एकच स्टिक टाकू नकोस, ८-८ च्या दोन टाक, ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं त्यामुळे दोन्ही चॅनल (रॅमकडे जाणारे दोन रस्ते) चालू झाले की फरक कळतो. आणि घेताना एसओ-डिम, म्हणजे लॅपटॉपची आखूड रॅम, सांग, नाहीतर डेस्कटॉपची लांब पट्टी घेऊन घरी येशील. एसएसडीत जास्त पैसे घालू नको, एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) बसवायला वेगळा ट्रे लागतो आणि तिथे पीसीआयईच्या, म्हणजे डेटा जायच्या वाटेच्या, दोनच लेन मिळतात, म्हणजे कितीही भारी घेतलीस तरी सेकंदाला दोन जीबीच्या आतच अडकणार.

वाचलेले पैसे डिस्प्लेत घाल. खरंच. माझ्यात १३६६ बाय ७६८ पिक्सेलचं टीएन या स्वस्त प्रकारचं पॅनल होतं, जरा तिरकं बघितलं की रंग उडालेले, दिवसभर त्याच्याकडे बघून डोकं उठायचं. पण तिथेच मी माती खाल्ली, स्वस्त दिसलं म्हणून फुल एचडी मागवलं ते निघालं टचवालं, त्याला ४० पिनची केबल लागते आणि माझी ३० पिनची. रात्री अकरा वाजता मशीन उघडं टाकून बसलो होतो, बायको म्हणाली, आधी वाचायचं नाही का. शेवटी ३० पिनचं आयपीएस (तिरकं बघितलं तरी रंग नीट दिसतात असं) पॅनल घेतलं आणि बसवायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बॅटऱ्या दोन असतात, एक आत एक बाहेर, बाहेरची तर मशीन चालू असतानाच बदलता येते (लोडशेडिंगवाल्यांनी नीट ऐका). फक्त मागचं कव्हर काढायच्या आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन आतली बॅटरी डिसेबल कर, हे विसरू नकोस, स्क्रू काढायची घाई तुला लहानपणापासून आहे.

पॅनल मागवायच्या आधी तू घेशील त्या मशीनमधल्या जुन्या पॅनलच्या मागच्या कनेक्टरचा फोटो पाठव मला. आणि ते ४० पिनवालं अजून कपाटात पडलंय, कुणाला हवं असेल तर सांग, निम्म्या किमतीत देऊन टाकतो.

तुझाच